लेकीच्या घरचं पाणी

भरे, ६ जानेवारी २०२५

विहीणबाई अनसूयाबाई यांना धोंडाबाईचा नमस्कार.

कागद बघून दचकू नका. दिवाळीत आपण फोनवर भांडलो, त्यात तुम्ही काय म्हणालात ते मला पाठ आहे आणि मी काय म्हणाले ते तुम्हाला पाठ असेल. पण विचारायला गेलं तर दोघीही म्हणू, मी असं बोललेच नाही. फोनवरचं हवेत जातं, कागदावरचं राहतं. म्हणून यापुढे जे असेल ते लिहून. मी सातवी शिकलेय आणि बचत गटाचं वहीतलं सगळं लिखाण दहा वर्षं माझ्याच हातचं आहे. किशोर रोज हिंजवडीला कामावर येतो, त्याच्या डब्याच्या पिशवीत पत्र घालीन, तो तुमच्या सोसायटीच्या गेटवर देईल. तो उघडून बघायचा नाही. लग्नाची पत्रिकासुद्धा त्याने पूर्ण वाचली नव्हती.

तर मुद्दा. जान्हवीला तिसरा महिना लागलाय हे तुम्हाला कळलं असेलच, लेकी आधी आईलाच सांगतात. पोरगी वाईट नाही. पण तिची नोकरी! आमच्या माळावर तो प्रकल्प झाला तेव्हा गावाला वाटलं काहीतरी कारखाना आला. आता बघतोय तर तुमच्या हिंजवडीच्या बिल्डिंगांमधला मैला टँकर भरभरून येतो, तो वाळवतात, भट्टीत जाळतात, त्याच्या वाफेवर चाक फिरवून वीज करतात आणि तीच वाफ गार करून नळाला सोडतात, प्या म्हणून. अर्धं गाव पितंही. म्हणजे बाराव्या मजल्यावर तुम्ही बसणार, आणि तुमचं ते तुमची लेक आमच्या गावाला पाजणार. असली सून दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल.

मी तिला सांगितलंय, बाहेर काहीही कर, माझ्या देवघराला आणि माझ्या माठाला हात लावायचा नाही. तिचा माठ वेगळा. ती हसली. म्हणाली, "अहो आई, माझ्या माठातलं पाणी तुमच्यापेक्षा स्वच्छ असतं." त्यावर कडी म्हणजे, तिनेच प्रकल्पावर नियम केलाय की रोज सकाळी निघालेला पहिला ग्लास प्रमुखाने प्यायचा आणि सही करायची, मग गावाला पाणी सोडायचं. प्रमुख तीच. पोटात बाळ आहे आणि ही रोज उठून तो ग्लास पिते. घरीही बाटली भरून तेच आणते. तुम्ही तिची आई आहात, काय ते बघा.

धोंडाबाई

*

हिंजवडी, ९ जानेवारी

श्रीमती धोंडाबाई यांना अनसूयाचा सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. दिवाळीतलं तुम्ही काढलंत, मी काढत नाही. मुलीकडचे आहोत, आम्हाला काढून चालत नाही.

माठ वेगळा केलात हे वाचून मात्र डोळ्यांत पाणी आलं. आमच्या परभणीच्या घरी गडीमाणसांनासुद्धा आम्ही कधी असं वागवलं नाही. माझी मुलगी इंजिनिअर आहे, तीही पहिल्या श्रेणीतली. ती हातात फावडं घेऊन उभी नसते, यंत्रं चालवते. एवढं लक्षात घ्या.

आता खरं सांगते. ती नोकरी मलाही आवडत नाही. आमच्या नातेवाइकांना आम्ही सांगितलंय की ती वीज खात्यात आहे. मजल्यावरच्या बायकांनाही तेच. वीज होतेच ना तिथे, म्हणजे अगदीच खोटं नाही. यांनी, म्हणजे नरहरींनी, तिला हजारदा समजावलं. ती यांनाच उलट शिकवते, "बाबा, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी, तुमची टाकी कुठे रिकामी होते ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी आल्यापासून निदान कळतंय."

आणि तो ग्लास. तुम्ही लिहिलंत तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. तुम्हाला माहीत आहे, आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या ओसरीवर बसले होते, घशाला कोरड पडली होती, तरी मी घोट घेतला नाही. ते व्रत मी हौसेने पाळतेय. त्या बाळाच्या हातून, म्हणजे बाळाला मांडीवर घेऊन, तुमच्या घरी पहिला पेला पिणार आहे. आणि ते बाळ पोटात असतानाच हिने असलं पाणी प्यावं? तुम्हीच काहीतरी करा. तुम्ही घरात आहात.

अनसूया

*

भरे, २ फेब्रुवारी

अनसूयाबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा नाही आला. तुम्हालाही ते पाणी नको वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तुम्हीच तिला फूस देता.

तिच्याशी बोलून बघितलं. म्हटलं, "आगं, सा महिन्याचा तर प्रश्न हाय. तेवढं आपल्या हिरीचं पी की. ह्या हिरीच्या पाण्यावर माझी तीन बाळतपणं झाली, किशोरच्या आजीची पाच झाली. कुनाला काय झालं न्हाई." तर म्हणते कशी, "अहो आई, विहीर ओढ्याच्या काठाला आहे, वर काय होतं ते आपल्याला दिसत नाही. माझं पाणी मी तपासलेलं आहे." माझं पाणी म्हणे! विहीर आमच्या आजेसासऱ्यांनी खणली. बांधावर उंबर आहे, पाणी असं गोड की पिरंगुटचे पाहुणे कॅन भरून नेतात.

शेजारच्या कोंडाजीची सून सुलक्षणा, ती पण पोटुशी आहे, हिच्या मागोमाग महिनाभराने. तिलाही जान्हवीने त्या नळाच्या पाण्यावर लावलंय. कोंडाजी मला म्हणतो, "वयनी, तुमची सून आमच्या सुनंला बिघडवतीया." मी कुणाकुणाला उत्तर देऊ?

काय करू ते सांगा. तिला जबरदस्ती केली तर ती बॅग भरून तुमच्याकडे येईल, आणि किशोर तिच्या मागे.

धोंडाबाई

*

हिंजवडी, ६ फेब्रुवारी

धोंडाताई,

ताई म्हटलं तर चालेल ना? आता लेकीच्या काळजीत आपण दोघी एकाच बाजूला आहोत.

मी यांच्याशीही बोलले नाही, फक्त तुम्हाला सांगते. जान्हवीशी वाद घालून उपयोग नाही, लहानपणापासून अशीच आहे. तिला गोळी नको असली की मी केळ्यात घालून द्यायचे. तिला पत्ता लागायचा नाही. तुम्ही तसंच करा. तिची ती स्टीलची बाटली आणि तिचा माठ, ती आंघोळीला गेली की रिकामी करून तुमच्या विहिरीचं भरून ठेवायचं. सकाळचा एक ग्लास आपल्या हातात नाही, पण दिवसभराचं तरी चांगलं पोटात जाईल. चवीत फरक कळला तर म्हणा, माठ नवा आहे.

एक विचारू का, राग मानू नका. विहिरीचं पाणी तुम्ही उकळता का?

दुसरं. यांच्या डोक्यात एक आहे. प्रकल्प चालतो तो आमच्या सोसायट्यांच्या टँकरवर. आमच्यासारख्या पाचसहा सोसायट्यांनी टँकर दुसरीकडे वळवला तर तिथे जाळायला काही उरणार नाही, आणि जान्हवी आपोआप घरी बसेल. तिला आपण काही बोललोच नाही असं होईल. हे बघतायत.

तुमची अनसूया

*

भरे, १४ फेब्रुवारी

अनसूयाताई,

उकळता का म्हणून विचारलंत. आमच्या विहिरीचं पाणी उकळायचं म्हणजे पाहुण्याला दारातच जोडे कुठे ठेवले विचारण्यासारखं आहे. चार पिढ्या कुणी उकळलं नाही. तुमच्याकडे टाकीचं येतं, तुम्ही उकळा. बाकी मी रागावले नाही.

बाटलीचं चालू केलंय. आज आठवा दिवस. ती आंघोळीला गेली की मी ओतते, पुसते, भरते, झाकण तसंच तिरकं लावते जसं ती लावते. पहिल्या दिवशी म्हणाली, "आज पाणी जड लागतंय." मी म्हटलं, "गरवारपनात तोंडाची चव बदलती." लगेच पटलं तिला. एवढी शिकलेली, पण या बाबतीत मी सांगेन ते खरं.

धोंडाबाई

*

हिंजवडी, १७ फेब्रुवारी

धोंडाताई,

उकळण्याचं बोलले ते चुकलंच. आमच्याकडच्या सवयीने लिहून गेले. तुमच्या विहिरीला नावं ठेवणारी मी कोण? वरमाईला असं विचारायला नको होतं, यांनीही मला बोल लावला. परत तो विषय काढणार नाही.

तुम्ही माझ्या मुलीसाठी रोज एवढं करता, मला दिवाळीतल्या बोलण्याची लाज वाटते.

तुमची अनसूया

*

भरे, ११ एप्रिल

अनसूयाताई,

मधे दोन महिने पत्र नाही, पण चांगलं चाललंय म्हणून. किशोरबरोबर आंबेमोहोर पाठवलाय, घरचा आहे. खीर करा.

तुमच्या मालकांचं डोकं चांगलं चालतं. प्रकल्पावर टँकर निम्मेसुद्धा येत नाहीत. भट्टी आठवड्यातून तीन दिवस बंद. रस्त्यावरचे दिवे त्याच विजेवर होते, ते गेले. जान्हवी दुपारीच घरी येते, ओसरीवर बसून फोन करत राहते, "अहो, तुमचा टँकर का बंद केलात, कुठे नेताय?" कुणी सांगत नाही. परवा डोळे पुसत होती. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पाय पोटाशी घेऊन अर्धा तास झोपली, ते बघून बरंही वाटलं.

बाकी वरच्या अंगाला, ओढ्याकडच्या रस्त्याने, भल्या पहाटे गाड्या वर जायला लागल्यात. वास येतो. कोंडाजी म्हणतो, पोल्ट्रीवाल्यांच्या कोंबडखताच्या असतील. त्या वासाने जान्हवीला मळमळतं. मी तिला विहिरीचं गार पाणी देते, आता तर समोरच देते. म्हणते, "अहो आई, नको, माझी बाटली आहे." आणि बाटलीतलं पिते. मला पदरात तोंड लपवून हसू येतं.

डोहाळजेवण सातव्यात करू. तुम्ही या.

धोंडाबाई

*

हिंजवडी, १५ एप्रिल

धोंडाताई,

तांदळाचा वास सगळ्या मजल्यावर गेला. शेजारची गौतमी विचारत होती, कुठून आणला. मी अभिमानाने सांगितलं, माझ्या विहीणबाईंनी पाठवला.

यांचं सोसायटीत फार कौतुक झालं. नवा टँकरवाला एका फोनवर येतो. आधीच्या प्रकल्पाला किती कागद लागायचे, सही, वेळ, वजन. हा काही विचारत नाही, पहाटेच येऊन घेऊन जातो. यांनी विचारलं कुठे रिकामा करतोस, तर म्हणाला, "लांब, साहेब, डोंगरात." आणखी चार सोसायट्यांनी त्यालाच लावला.

जान्हवी फोनवर थकल्यासारखी वाटली. सातव्यापर्यंत मलाही अन्न बघवत नव्हतं, होतं असं. डोहाळजेवणाला येते. माझी पाण्याची बाटली मी घेऊन येईन, हसू नका. आणखी तीनच महिने.

तुमची अनसूया

*

भरे, १९ मे

अनसूयाताई,

डोहाळजेवणाहून तुम्ही गेलात त्याला पाच दिवस झाले. लिहायचं की नाही असं करत होते.

त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "हळद चांगली चढलीय पोरीला." सगळ्या बायका तेच म्हणाल्या. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, तोंडाला हळद. मी विधवा, ओटी भरायला पुढे झाले नाही, लांबून बघत होते. माझ्या वाट्याचं काम पाणी द्यायचं, ते मी केलं. पेढा खाल्ल्यावर तिने घटाघटा दोन पेले प्यायले. तेव्हा सगळ्यांच्या गलक्यात तिने विचारलंसुद्धा नाही कुठलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी हळद धुतली. ती धुतली गेली पण रंग गेला नाही. डोळेसुद्धा पिवळे. ती म्हणाली, "मला कावीळ आहे, दवाखान्यात चला." मी म्हटलं, आधी उतरवून घेऊ. आमच्याकडे एक बाई उतरवते. चुन्याच्या पाण्यात हात धुवून घेते, पिवळं पिवळं पाणी उतरतं, मग मुळी देते. जान्हवी नको नको म्हणत होती. किशोरला मी म्हटलं, "तुझी आय काय येडी हाय का?" त्याने गाडी काढली ती त्या बाईकडे. दोन दिवस गेले. पिवळं खूप उतरलं, तरी डोळे तसेच.

वाडीत आणखी चौघांना तसंच झालंय. सगळे विहिरीचं पिणारे, त्या नळाला शिवतसुद्धा नाहीत. म्हणजे हवेतच काहीतरी आहे. नाहीतर हिला त्या पहिल्या ग्लासाचंच बाधलं असणार. मी तिला भरपूर पाणी पाजतेय, कळशी रिकामी होऊ देत नाही. उद्या दवाखान्यात नेतो.

धोंडाबाई

*

हिंजवडी, ३ जून

धोंडाताई,

दवाखान्यात आपण अकरा दिवस एका बाकावर बसलो, पण बोलणं झालं नाही. इथे आले आणि वहीच घेऊन बसले.

माझं बाळ गेलं. म्हणजे जान्हवीचं. मी त्याला काचेतून बघितलं. मुठी मिटलेल्या होत्या. एवढी वाट बघितली आणि मला त्याला मांडीवरसुद्धा घेता आलं नाही. देवाने लेक परत दिली, तिचीही खात्री नव्हती, म्हणून मी देवाला बोलत नाही. पण त्या प्रकल्पाला मी सोडणार नाही. डॉक्टरांपुढे तिनेच सांगितलं की मी फक्त प्रकल्पाचंच पाणी पिते. तिच्याच तोंडून आलं ते बरं झालं. सील लागलं ना? आता उघडता कामा नये. हे सह्या गोळा करतायत.

ती बाटलीची गोष्ट तेव्हा आपण बोललो नाही, ते बरोबरच केलं. आजारी माणसाला काय सांगायचं? आपण तिच्या भल्याचंच केलं होतं. केलं नसतं तर याहून वाईट झालं असतं.

अनसूया

*

भरे, १५ जून

अनसूयाताई,

तुम्हाला एक विचारते, खरं सांगा.

आज पहाटे शेण टाकायला वर गेले होते. ओढ्याच्या वळणावर गाडी उभी होती. कोंबडखताची नव्हती. टँकर. जाड पाइप ओढ्याच्या पात्रात सोडलेला आणि आतून सगळं खाली येत होतं. ओढा कोरडा आहे, ते पात्रातच मुरत होतं. आपली विहीर तिथून दोन शेतं खाली. मी ड्रायव्हरला धरलं. म्हटलं, "मुडद्या, हे कुनाचं हाय?" तो घाबरला, म्हणाला, "मौसी, मैं तो बस चलाता हूँ," आणि खिशातली चिठ्ठी दाखवली. त्यावर तुमच्या सोसायटीचं नाव आणि खाली सही आहे, नरहरी म्हणून. ती चिठ्ठी मी ठेवून घेतलीय.

मार्चपासून गाड्या येतायत. आणि मी तिची बाटली भरतेय ती त्याच्याही आधीपासून.

मी काय केलं ते मला सांगा. तुम्ही काय केलं तेही सांगा. प्रकल्पाला सील आहे, सगळी वाडी आता विहिरीचंच पिते. सुलक्षणासुद्धा. मी कोंडाजीला काय सांगू?

धोंडाबाई

*

हिंजवडी, १६ जून

धोंडाताई,

कोंडाजींना काहीही सांगू नका. आता सांगून काय होणार? यांचं नाव आहे त्या चिठ्ठीवर. यांना मधुमेह आहे, पोलीस दारात आले तर हे टिकणार नाहीत. टँकर यांनी आजच बंद केला. पाणी हळूहळू आपोआप स्वच्छ होतं, विहिरीला झरे असतात.

आणि तुम्ही बोललात तर जान्हवीला कळेल की बाटली कुणी भरली. मी आई आहे, मला ती माफ करेल. तुम्हाला करेल का? विचार करा.

चिठ्ठी जाळा. माझी सगळी पत्रं जाळा. तुमची मी जाळली. घरात विकतचं पाणी आणा.

अ.

*

भरे, १८ जून

जार आणला. कोंडाजीला सांगितलं नाही.

धोंडाबाई

*

भरे, २२ जुलै

आई आणि अहो आई,

दोघींना मिळून एकच पत्र लिहितेय. एक प्रत तांदळाच्या कणगीवर ठेवली आहे, एक किशोरच्या डब्याच्या पिशवीत. तुमचीच पद्धत.

आई, तू अहो आईंना सांगितलंस पत्रं जाळा. त्यांनी जाळली नाहीत. कागदावरचं राहतं असं त्या म्हणतात, आणि कागद जपून ठेवायची त्यांची जागा कणगी. वरचे तांदूळ काढले की खाली सगळी तुझी पत्रं आणि बाबांच्या सहीची चिठ्ठी. अहो आई, तुमची पत्रं मी वाचलेली नाहीत, आईने जाळली. पण तुम्ही काय लिहिलं असेल ते आईच्या उत्तरांवरून कळतं.

मी शोधायला गेले त्याची दोन कारणं. घरात अचानक पाण्याचा जार आला. चार पिढ्यांची विहीर सोडून तुम्ही विकतचं पाणी पिताय, आणि शेजारी सुलक्षणा त्याच विहिरीवर कळशी घेऊन जाताना बघून दार लावून घेताय. दुसरं, माझी बाटली. दवाखान्याच्या बॅगेतून काढून घासायला घेतली तर आत पांढरं कडं धरलेलं होतं. क्षारांचं. माझ्या प्रकल्पाचं पाणी वाफेचं असतं, ते वर्षभर ठेवलं तरी कडं धरत नाही. मी विहिरीचं पाणी तपासायला दिलं. अहवाल परवा आला, त्यात काय निघालं ते तुम्हा दोघींना माझ्या आधी माहीत होतं. माझ्या प्रकल्पाच्या तपासणीत काहीच निघालं नव्हतं. तुम्ही मला तुमच्याच टाकीतलं पाजलंत, आणि तेही न जाळता, न वाळवता, न उकळता.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मी म्हटलं, फक्त प्रकल्पाचं. मी शपथेवर म्हटलं असतं. पलंगाच्या या बाजूला आई होती, त्या बाजूला तुम्ही. आईने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. तुम्ही उशी नीट केलीत. त्या वेळी एकीने तोंड उघडलं असतं तर विहिरीला सील लागलं असतं. सील माझ्या प्रकल्पाला लागलं, माझ्याच शब्दावर.

मी सुलक्षणाला नळाच्या पाण्यावर लावलं होतं. चार-पाच महिने ती तेच प्यायली, तिला काही झालं नाही. मेच्या शेवटी नळ बंद झाला. तिला दहा तारखेला ताप आला. काल गेली. पोटातलं बाळ आधी गेलं. कोंडाजीकाका मला म्हणाले, "पोरी, तुझ्या त्या पान्यानं माझं घर बुडालं." मी त्यांना खरं काय ते सांगितलं, चिठ्ठी दाखवली आणि पोलीस चौकीत दिली. बाबांना आज बोलावतील. आई, तू लिहिलं होतंस बाबा टिकणार नाहीत. सुलक्षणा तेवीस वर्षांची होती.

प्रकल्पाचं सील आज निघतंय, मी आजपासून पुन्हा तिथे जातेय. पहिला ग्लास मीच पिणार आहे. किशोरला मी सांगितलंय, यायचं असेल तर तिथल्या खोलीत ये. तो अजून ओसरीवर बसून आहे.

आई, आता तुझ्यासाठी. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असा तुझा नेम. तू तो भर उन्हात पाळलास. तर तुला सांगते, मला मूल झालं होतं. मुलगी होती. दोन तास चाळीस मिनिटं होती. तेवढ्यात तिने एकदा माझं बोट धरलं. म्हणजे तुझा नेम सुटला, आता तुला माझ्या घरी पाणी प्यायला हरकत नाही. रविवारी ये. अहो आईंच्या शेजारी ओसरीवर बस. मी जार उचलून नेलाय आणि तुम्हा दोघींसाठी विहिरीचा तांब्या भरून झाकून ठेवलाय.

उकळलेलं नाही. अहो आईंना ते अपमानाचं वाटतं.

जान्हवी